टीव्हीखालचा सर्व्हर

ऑफिसने मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरवर मी घरीच माझी वेबसाइट चालवतो. इतक्या वर्षांत त्याची हार्डडिस्क दोनदा बदलली, मेमरी वाढवली, परवा मदरबोर्डही नवा टाकला. जुना राहिलाय तो पत्र्याचा डबा, त्यावरचे दर दसऱ्याच्या पूजेचे हळदीकुंकवाचे डाग, आणि मी. सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचा असतो, हे कळतं. पण झोपताना घरातली सगळी बटणं बंद करायची आईची शिस्त हातातून जात नाही. सकाळचा चहा झाला की तो पुन्हा सुरू करतो.

आज पंख्यातली धूळ ब्रशने काढता काढता एकदम थकल्यासारखं झालं. माणूस असा किती दिवस एकेक भाग बदलत रेटणार? आणि वाचतं तरी कोण? डबा उघडाच टाकून बसून राहिलो.

अकराला सांगलीहून थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन आला.

"बरा आहेस ना रे? तुझं पान उघडत नाहीये."

"आक्का, तू वाचतेस ते?"

"वाचायला डोळे कुठे राहिलेत बाबा! रोज नुसतं उघडून बघते. उघडलं की कळतं, तू उठलास."

मी झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा घरघरू लागला.

"थांब जरा आक्का," मी म्हटलं, "उठतोय."