जिज्जीनं खोडलेले त्रेचाळीस प्रश्न

जिज्जीला तुम्ही काही विचारायला गेलात, तर पहिला सवाल तिचा असायचा. समोर डॉक्टर असो, वकील असो, ठाण्यातला हवालदार असो की माझ्यासारखी प्रश्नावली घेऊन आलेली मुलगी. मी पहिल्यांदा तिच्यासमोर बसले त्या दिवशी तिनं अर्धा तास मला सोलून काढलं. वय किती, लग्न का नाही केलंस, पाळी वेळेवर येते का, शेवटचं कुणाजवळ निजलीस. मी कानापर्यंत लाल झाले. मग ओढणीनं तोंड पुसत ती शांतपणे म्हणाली, "हं. आता तुझी बारी. काढ तुझा कागद."

तो कागद मी पिशवीतून काढलाच नाही. त्यावर नेमके हेच प्रश्न होते.

मी तेव्हा जयपूरच्या झालाना भागातल्या एका छोट्या कंपनीत नुकतीच लागले होते. आमचं काम बाजाराची पाहणी करून देण्याचं. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. बदली होऊन जयपूरला आले आणि इथंच रमले. त्यामुळे माझं मराठी घरापुरतं, बाकी सगळी दुनिया हिंदीत. तोवर मी साबणाचे आणि बिस्किटांचे सर्व्हे केले होते. या वेळी एका औषध कंपनीला एचआयव्हीची तपासणी घरच्या घरी करायचं किट बाजारात आणायचं होतं. देहविक्रय करणाऱ्या बायका ते घेतील का, कुठून घेतील, डबा कसा हवा, हे आम्ही शोधून द्यायचं होतं.

जिज्जी या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष. जयपूरजवळ सांगानेरला कापडछपाईच्या एका कारखान्यावर मंडळाच्या दोन खोल्या होत्या; जिना चढताना रंगाचा ओला वास यायचा. तिनं स्वतः वीस वर्षं धंदा केला होता आणि हे सांगताना तिचा आवाज कधी खाली जात नसे. जिज्जी म्हणजे तिकडे थोरली बहीण. ती बोलायची हिंदीत, मधूनच जयपूरकडच्या ढूंढाडी बोलीत. मी ते माझ्या मराठीत सांगतेय, तेव्हा त्यातला अर्धा ठसका गेलाच म्हणून समजा.

तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या भेटीत तिनं मला बासष्टच्या बासष्ट प्रश्न मोठ्यानं वाचायला लावले. भोवती दहा-बाराजणी, मध्ये ती डोळे मिटून. प्रश्न संपला की एकच शब्द यायचा: "राहील" किंवा "जाईल".

"या धंद्यात कशा आलात?" मी वाचलं.

"जाईल."

"पण जिज्जी, हा प्रश्न सगळ्याच फॉर्मांत असतो."

तिनं डोळे उघडले. "म्हणूनच जाईल. डबा विकायला हे कशाला लागतं? लोकांना आमचं रडू बघायला आवडतं, म्हणून विचारतात. तुमच्या कंपनीला डबा विकायचाय की रडू?"

सगळ्याजणी खदखदून हसल्या. संध्याकाळपर्यंत एकोणीस प्रश्न उरले. मला वाटलं, आता नोकरी गेलीच. आणि गंमत म्हणजे, घरी येताना बसमध्ये मी ते एकोणीस पुन्हा वाचले, तर आम्हाला हवं होतं ते सगळं त्यात होतं. खोडलेल्या त्रेचाळीस प्रश्नांत होता निव्वळ आमचा चोंबडेपणा. मला इतका आनंद झाला की मी माझा स्टॉप चुकले.

त्या एकोणिसांवरही तिनं एक अट घातली होती. "हे आधी तुझ्या आईला विचार. ती ज्याला उत्तर देईल, ते आमच्या बायांना विचार." मी खरंच विचारले. आई भाजी निवडत होती. दोन प्रश्न तिनं सहन केले. तिसऱ्याला, तुमच्या अंगावर शेवटची जखम केव्हा झाली होती आणि कुणामुळे, तिचे हात थांबले. "कोन व्हय तू, पोलीस? आन् हे तुले सांगून मले काय भेटन?" एवढं बोलून ती मेथीत परत गेली. दुसऱ्या दिवशी मी हे जिज्जीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मांडीवर थाप मारली. "तुझी आई आमच्या मंडळात शोभेल!" तो प्रश्नही बदलला, आणि प्रत्येकीला काय मिळणार हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत आलं.

मग निघाला मुद्दा, विचारणार कोण? आमच्या कंपनीची मुलं नकोत, हे तिनं बोलूनच टाकलं. मंडळातल्याच आठजणी निवडल्या. मी शिकवायची तयारी करून गेले, तर जिज्जी म्हणाली, "पहिला दिवस माझा. आज फक्त 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस." दोघी-दोघी समोरासमोर बसल्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं म्हणायचं, "मला सांगायचं नाही." आणि पहिलीनं हसून म्हणायचं, "बरं." बस्स, एवढंच. पण काय सांगू, ते जमेना! मीनू नावाची एक दांडगी बाई होती, भर बाजारात कुणालाही शिवी हासडणारी. तिच्या तोंडून ते साधं 'सांगायचं नाही' निघेचना. शिवी येत होती, रडू येत होतं, नकार येत नव्हता. दुपार उलटल्यावर एकदाचं ते निघालं, नीट, न चिडता. समोरची म्हणाली, "बरं." मीनू उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "मान गई! मेरी ना मान गई!" खालचे छपाईवाले काय झालं म्हणून वर आले. त्या दिवशी माझ्या अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो.

पाहणी सुरू झाली. संमतीसाठी आमच्याकडे सही किंवा अंगठा असे. "अंगठा म्हणजे ठाणं," जिज्जी म्हणाली, आणि खालच्या कारखान्यातून टाकाऊ लाकडी ठसे उचलून आणले. जी तयार होईल तिनं आपला ठसा निवडायचा, शाईत बुडवून कागदावर मारायचा. नाव नाही, पत्ता नाही. कैरी, कमळ, मोर, वेल. भेटीची वेळ ठरवायला प्रत्येकीचा नंबर फक्त माझ्या मोबाइलमध्ये, तोही ठशाच्या नावानं. फॉर्म इतके भराभर येऊ लागले की मी दुपारचं जेवण विसरायची. 'मोर' म्हणते, डबा लाल नको. 'वेल' म्हणते, औषधाच्या दुकानात मागणार नाही. मी साबणाच्या सर्व्हेत कधी एवढी खरी उत्तरं पाहिली नव्हती.

आणि मग घोडं अडलं. आमचे साहेब, माथुरजी, म्हणाले, "नंबरांची यादी दे. पडताळणीला क्लायंटला हवी आहे." हा आमच्या धंद्याचा नेहमीचा रिवाज, सर्व्हे खरा की खोटा ते फोन करून तपासतात. मी म्हटलं, यादी देता येणार नाही, शब्द दिलाय. माथुरजी वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. "अश्विनी, यादी नसेल तर रिपोर्ट नाही. रिपोर्ट नसेल तर तू इथं काय करणार, विचार कर."

मी रडवेली होऊन सांगानेरला गेले. जिज्जीनं सगळं ऐकून घेतलं. "यादी कुठेय?"

"माझ्या मोबाइलमध्ये."

"देणार आहेस?"

"नाही."

ती म्हणाली, "मग रडतेस कशाला? त्यांना पडताळायचंय ना? आम्ही येतो. आम्हाला पडताळू देत."

आणि त्या आल्या! जिज्जी, मीनू आणि आणखी चौघी, झालान्याच्या त्या काचेच्या इमारतीत, इस्त्रीच्या साड्या नेसून. क्लायंटकडून आलेल्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी सरळच विचारलं, "नंबर नाहीत. मग या बायका खऱ्या आहेत हे मी कशावरून मानू?"

"आम्ही सहाजणी फॉर्म भरलेल्यांतल्याच आहोत, आपल्या मर्जीनं आलोय," जिज्जी म्हणाली. "विचारा. जिला सांगायचं नसेल ती नाही म्हणेल."

तिनं टेबलावरचा किटचा नमुन्याचा डबा उचलला. "हे घेऊन बसमधून गेलं तर सांगानेरपर्यंत सगळ्या गावाला कळेल. आतला कागद मी वाचून घेतलाय, वीस मिनिटं थांबा म्हणे. एकटीला वीस मिनिटं बसायला खोली कुणाकडे आहे? आणि दोन रेघा आल्या, तर? कागदावर तुम्ही लिहिलंय, डॉक्टरांना भेटा. डॉक्टर उद्या भेटेल. त्या घडीला ती बाई कुणाचा हात धरेल?"

मीनू पुढे झाली. "म्हणून आमचं म्हणणं आहे, एका डब्यात दोन किट घाला. दोघींनी मिळून करायचं. एकटीनं बघू नये."

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि दोन तास लिहीत राहिल्या. यादीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. काही महिन्यांनी डबा आला तो छोटा, साधा, पावडरच्या डबीसारखा. आत दोन किट, आणि एक फोन नंबर, जो मंडळातल्याच बायका उचलणार होत्या. माथुरजींनी तो डबा टेबलावर ठेवून मला चहा पाजला.

काम संपलं तेव्हा फॉर्मांचं काय करायचं हेही जिज्जीनंच ठरवलं. सांगानेरला हातकागदाचे कारखाने आहेत. एका ओळखीच्या कारखान्यात आम्ही सगळ्या गेलो आणि फॉर्म लगद्याच्या हौदात टाकले. मोर, कमळ, कैऱ्या क्षणभर तरंगल्या आणि विरघळल्या. बायका ओंजळीनं लगदा ढवळत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या. पोरींसारख्या.

बाहेर आल्यावर जिज्जी म्हणाली, "मोबाइल काढ. नंबर पूस." मी एकेक पुसला. "आता माझा."

"तुमचा कशाला? तुम्ही तर..."

"मुलीचं लग्न ठरलंय. तिला वाटतं मी छपाईच्या ऑफिसात काम करते. आता अध्यक्ष मीनू होईल, मी मुलीजवळ जाऊन राहीन. पूस."

मी पुसला. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. बोटांना लगदा होता.

दोन वर्षं काहीच कळलं नाही. मग एका हिवाळी रविवारी आईबाबांना घेऊन मी कानोत्याच्या धरणावर गेले होते. काठावर सतरंजी पसरून एक कुटुंब बसलेलं. मुलगी, जावई, मांडीवर तान्हं बाळ घेतलेली जिज्जी. माझं काळीज लक्कन हललं. पण मी मान वळवली आणि पुढे चालू लागले. तिला ओळखायचं की नाही, हे ठरवणं माझं काम नव्हतं.

"ए मॅडम!" मागून खणखणीत हाक आली. "बघून न बघितल्यासारखं करतेस!"

मी वळले. ती मुलीला सांगत होती, "या आमच्या ऑफिसातल्या. लोकांना सवाल कसे विचारायचे, ते यांना मी शिकवलं."

मुलगी संकोचून हसली. "मम्मी, कुछ भी बोलती हो! सॉरी हां, दीदी."

"खरं आहे ते," मी म्हटलं. "मी तुमच्या आईच्या हाताखाली होते. आज जे काही काम येतं, ते त्यांचंच आहे."

मुलगी आईकडे पाहतच राहिली. इतकी वर्षं पाहिलेल्या बाईची जणू कुणीतरी नव्यानं ओळख करून दिली होती.

"बघतेस काय?" जिज्जी बाळाला खांद्यावर घेत म्हणाली. "सगळ्यांना चुरमा वाढ."