कान धरून आठवायचा आनंद

येत नाही असं जगात काही नसतंच, ते फक्त अजून आलेलं नसतं, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी. मी त्याच शाळेत पोरांची खिचडी रांधते. गुरुजी गोंदियाला एनएलपीचं शिबिर करून आले आणि शाळेचं सारं रूपच पालटलं. मनाला शब्दांनी, खुणांनी वळण लावायचं ते शास्त्र. नुसतं 'नाही' म्हणायला बंदी. मी दारातूनच हळू म्हटलं, "गुरुजी, मीठ नाही." तर म्हणाले, "ताई, मीठ अजून आलं नाही, असं म्हणा." तसं म्हटलं. पोरांनी अळणी खिचडी खाल्ली. काही मुलं अंगानं शिकतात म्हणून सहाचा पाढा भाताच्या रोवणीसारखा सुरू झाला: रांगेत वाकायचं आणि आकड्यागणिक एकेक पाऊल मागे. सहा दाहे साठला अख्खी रांग माझ्या चुलीवर येऊन आदळायची.

समोरच्यासारखं बसलं की मनं जुळतात, हेही ते तिथूनच शिकले. एका पोराचा बाप पिंढरी खाजवत बोलत होता, तर गुरुजीही खाजवू लागले. "माही नक्कल करून राहिले का जी?" म्हणत तो उठला, तो थेट तालुक्याला तक्रार करून आला. आणखी एक तक्रार आली तर बदली, असा निरोप आला. पोरांची तोंडं उतरली. माझंही जेवणात लक्ष लागेना.

पण गुरुजींचं आपलं चालूच. आयुष्यातला मोठा आनंद आठवायचा आणि तेव्हाच कानाची पाळी धरायची. मग भीती वाटली की पाळी धरली, आनंद हजर! पोरांनी एकमतानं दिवाळीनंतरच्या मंडईतला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतला, आकाशपाळणा निवडला. चुलीपाशी कुणी बघत नसताना मीही तोच निवडला.

आणि तालुक्याचे साहेब तपासणीला आले. "सहाचा पाढा कोण म्हणते?" विचारताच सगळ्या वर्गानं कान धरले.

"कान काऊन धरून राहिले रे सारे? मारता का गुरुजी पोरांले?" साहेबांनी कमरेवर हात ठेवले. मनं जुळावीत म्हणून गुरुजींनीही ठेवले. साहेब लालबुंद. "आता बदलीच करतो तुमची!"

परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण माझा हात कानाला गेला आणि आवाज फुटला, "शिक्षा नोहे जी साहेब, पोरं पाळण्यात बसून राहिली!"

साहेब पोरांमागे दाराशी, माझ्यापाशी आले आणि माझ्या कानाकडे बघत राहिले. "बाई, तुम्ही बी?" आणि असे हसले की पोरांची भीतीच गेली. त्यांनी पाढा सुरू केला, पाऊल मागे, पाऊल मागे, आणि साहेबांना रेटत माझ्या चुलीपर्यंत आणलं. साहेब खिचडी खाऊनच गेले. बदली टळली.

यंदा मात्र सगळ्यांची होते तशी रीतीनं झालीच, अर्जुनी मोरगावकडे. एसटी सुटताना गुरुजी खिडकीतून म्हणाले, "ताई, काही बोला ना!" मी कान धरला. पाळणा आठवला, साहेब आठवले, पण शब्द आले नाहीत.

अजून आले नाहीत, एवढंच.