रांझीच्या पूल टेबलावरचा काळा बॉल

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. इथे लोक टाकतात ते अनुभव मी वाचायचे ते चुका काढायला. नोकरीच तशी आहे. जबलपूरला रांझीच्या बाजूच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं तपासणीला आहे. बनून आलेला माल मोजायचा, केसाएवढा फरक दिसला की बाजूला काढायचा. घरही तसंच. आम्ही बौद्ध, मूळचे वर्ध्याकडचे. अंगारे-धुपारे, भूतबाधा यांना आमच्याकडे उंबऱ्याच्या आत जागा नाही. बाबा याच कारखान्यातून रिटायर झाले. चाळीस वर्षांत त्यांनी तिथली हात पुसायची चिंधीसुद्धा घरी आणली नाही.

तर गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे वर्ध्याला गेले होते. शनिवारी सुट्टी होती. जेवायला बसताना सहज बाहेर बघितलं, तर बाबांची मोटरसायकल आजही जागेवर नाही. धाकटा भाऊ पंकज ताटात बोटं फिरवत बसलेला. वय वर्षं सव्वीस!

"गाडी कुठं गेली?"

"सर्व्हिसिंगला दिली, दीदी."

"काल बी सर्व्हिसिंगलाच होती. काहून खोटं बोलून राहिला?"

मग निघालं एकेक. बाजारात हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक पूल पार्लर आहे. तिथे एक पन्नाशीचा माणूस येतो, सगळे त्याला मामाजी म्हणतात. "पहिले तीन गेम तो हारला, दीदी. हात थरथरत होते त्याचे. मंग म्हणे, बेटा, आज किस्मत खराब है, एक बड़ा वाला खेल लेते हैं. मी गाडीची चाबी ठेवली... अन् मंग त्यानं मला एक चान्स नाही दिला."

कोणालाही कळलं असतं की डाव त्या तीन हरण्यांतच होता. मला नाही कळलं! पंकज पुढे म्हणाला, "टेबल एका बाजूनं झुकल्यासारखं वाटते," आणि मी तेवढंच धरलं. टेबल वाकडं असणार, आणि वाकडं टेबल मी पकडणार. ती गाडी बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतून घेतलेली, आणि ते सोमवारी परत येणार होते. मी कपाटातली स्पिरिट लेव्हल काढली, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी. माझी स्वतःची आहे, कारखान्याची नाही.

दुपारी तीनला आम्ही वर चढलो. एकच टेबल, चार-पाच रिकामटेकडे, आणि हाफ स्वेटर घातलेला मामाजी. लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायला बसवतात ना, तसा दिसणारा, गरीब चेहऱ्याचा. मी सरळ म्हटलं, टेबल तपासणार. मला वाटलं चिडेल. तो हसला. "देख लो दीदी, अच्छे से देख लो." वरून मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला!

अर्धा तास लागला. लेव्हल नऊ ठिकाणी ठेवली, बुडबुडा नऊही वेळा मधोमध. कापड नीट, बॉल गोल, काठ्या सरळ. माझं तोंड बारीक झालं.

"पास?" मामाजीनं विचारलं.

"पास," म्हणावंच लागलं.

"तो फिर एक गेम और. भाई जीते तो गाड़ी ले जाए. हारे तो आपकी स्कूटी."

इथे मी ती चूक केली. टेबल सरळ म्हणजे खेळ सरळ, असं माझ्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. ज्या बाईनं जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, तिनं स्कूटीची चावी टेबलाच्या काठावर ठेवली. पंकज माझ्याकडे बघतच राहिला.

पूलमध्ये काठीनं पांढरा बॉल मारून आपापले बॉल आधी पॉकेटमध्ये घालायचे असतात आणि शेवटी आठ नंबरचा काळा. काळा ज्यानं घातला, तो जिंकला. पंकज बरा खेळला, की मामाजीनं खेळू दिलं, देव जाणे... (आमच्याकडे असं म्हणायची पद्धत नाही, पण असो.) शेवटी दोघांनाही फक्त काळा राहिला. पंकजनं मारला, हुकला. काळा एका कोपऱ्यातल्या पॉकेटच्या वीतभर आधी येऊन थांबला. पूर्ण थांबला, सगळ्यांनी बघितला. आता लहान पोरानंही घातला असता. माझे कान तापले. गाडीही गेली, स्कूटीही गेली.

मामाजीनं सावकाश काठीला खडू लावला आणि वाकला.

तेवढ्यात काळा बॉल हलला. शेजारचं पॉकेट सोडून उलटा निघाला. संथपणे, सरळ रेषेत, टेबल आडवं पार करत समोरच्या लांबच्या कोपऱ्यात गेला आणि टक् करून आत पडला. मामाजीच्या काठीनं अजून पांढऱ्याला स्पर्शही केला नव्हता.

"हवा होगी, बड्डे," कोणीतरी पुटपुटलं. (बड्डे म्हणजे आमच्या जबलपुरात दादा.) पंखा बंद होता, खिडकी बंद होती.

"वापस रखो," मामाजी म्हणाला. बॉल मी माझ्या हातानं ठेवला, शेजारी लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध. मामाजी वाकला, आणि बॉल पुन्हा निघाला. त्याच रेषेत, त्याच पॉकेटमध्ये.

मग त्यानं माझी पर्स उघडून दाखवायला लावली. डबा, छत्री, औषधाची पट्टी. लोहचुंबक शोधत होता! मी म्हटलं, "भैया, या बॉलमध्ये लोखंड नसतं." तो टेबलाखाली शिरून आला. कपाटातून जुन्या सेटमधला दुसरा काळा आणला, स्वतःच्या हातानं ठेवला, वरचं बोट हळूच उचललं. बॉल तिथेच. दहापर्यंत मोजलं, तरी तिथेच. तो वाकला...

तिसऱ्यांदा टक् आवाज आला तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे एक पाऊल मागे सरकले. मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

मामाजीनं काठी खाली ठेवली. दोन्ही चाव्या माझ्यापुढे सरकवल्या. "मैं तो हाथ से बेईमानी करता हूँ, दीदी. आप काहे से करती हो?"

"मैंने कुछ नहीं किया."

"अच्छा, चलो. मत बताओ."

पंकजनं तो बॉल घातला नव्हता, हे मला स्वच्छ माहीत होतं. गेम रद्द, असं मी म्हणायला हवं होतं. मी चाव्या उचलल्या आणि जिना उतरले.

पुढच्या शनिवारी मी एकटी तिथे गेले. काळा त्याच जागी वीस वेळा ठेवला, स्वतः वाकून बघितलं. तसूभर हलला नाही. मामाजी भिंतीला टेकून बघत होता, टेबलाजवळ आला नाही. जमिनीचा हादरा, कापडाचा ताण, सगळं तपासलं. एकाही कारणात ते तीन वेळा एकाच रेषेत जाणं बसत नाही.

रांझी केवढीशी! आठवड्यात गोष्ट विहारापर्यंत पोचली. पंकज अजूनही विचारतो, "दीदी, मला तरी सांग ना, कशी केली ट्रिक?" त्याला मी झापते. पण बाबांनीही विचारलं.

"बाई, तू काही केलं काय तिथं?"

"नाही, बाबा."

"मंग बॉल कसा गेला?"

"मला नाही माहीत."

त्यांनी बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "अच्छा."

डॉक्टरांनी गाडी चालवायला केव्हाच परवानगी दिली आहे. तरी बाबा बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जायचं तर बसनं जातात. मोटरसायकल उभी आहे. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, मी खोटी आहे का?" ते चपला घालत म्हणाले, "तसं नाही बाई. पण बसवत नाही तिच्यावर."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांना माझा शब्द पुरला नाही.