सहादूच्या नावाखालची रेघ

माझ्या मावशीला, आक्काबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी ती अंगठा लावायची, आणि तोही इतका दाबून की कागद फाटतो की काय असं वाटावं. या बाईनं आमच्या आजोळच्या भावकीची वंशावळ उलटीपालटी केली आणि घरात पदवीधर पोरं असलेल्या पुरुषांना मूग गिळून बसायला लावलं. मी तिची भाची म्हणून मिरवत सांगतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मिरवतेच आहे.

आजोळ म्हणजे भालवाडी. शेवगावच्या पूर्वेला, जिथून पुढं रान आणखी खडकाळ होत जातं. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं, ते चैत्रात परततं. म्हणून भाटही उन्हाळ्यातच यायचा, दर तीन वर्षांनी. कानिफनाथ त्याचं नाव. घराण्यांच्या वंशावळी लिहिणं हा त्याचा पिढीजात धंदा. सायकलच्या कॅरियरवर लाल फडक्यांत बांधलेल्या वीस-पंचवीस चोपड्या, एकेका भावकीची एकेक. ज्या गावची चोपडी तिथल्याच पारावर ती उघडायची, परगावात तिच्या फडक्याची गाठही सोडायची नाही, हा त्याचा नेम. भावकीतले पुरुष पारावर बसायचे, बायका खाली. भाट पहिल्या पुरुषापासून वाचत यायचा, तीन वर्षांत जन्मलेले मुलगे लिहून घ्यायचा, आणि जो पुरुष मुलगा न होता मेला त्याच्या नावाखाली आडवी रेघ मारायचा. रेघ मारली की त्याचा वंश बुडाला.

माझे आजोबा सहादू १९९१ च्या पावसाळ्यात गेले. त्यांना तीन लेकी. आक्काबाई थोरली, गयाबाई मधली आणि ठकूबाई, म्हणजे माझी आई, धाकटी. आजोबा अंथरुणाला खिळल्यावर मावशीनं त्यांना आपल्या सासरी नेलं. पण तिच्या सासरीही पोट ऊसतोडीच्या कोयत्यावरच. मग तिनं दोन हंगाम बापाला बैलगाडीत घालून कारखान्यावर नेलं, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झोपवलं, उसाच्या मोळ्या बांधून आल्यावर न्हाऊमाखू घातलं. त्यांचा चुलतपुतण्या काकासाहेब, भावकीतला कर्ता पुरुष, तेवढ्या काळात एकदा डझनभर केळी घेऊन भेटायला आला होता. पण आजोबा गेले तेव्हा अग्नी दिला काकासाहेबानं, आणि आजोबांच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही तोच घेऊन गेला. लेकीला बापाचे देव चालत नाहीत म्हणे.

पुढच्या वैशाखात भाट आला. मावशी मुद्दाम माहेरी आली होती, बापाचं नाव वाचलं जाईल ते ऐकायला. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते, म्हणून तिच्याबरोबर गेले. भाटानं सुरुवात केली. राणोजी, त्याचा पुत्र भिमाजी, भिमाजीचे पुत्र दोन, असं करत तो सहादूवर आला. "सहादू. पुत्र नाही," असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मावशी खालून म्हणाली. "मी हितं जित्ती बसलीय. रेघ कुनाच्या नावाखाली मारता?"

पारावरचे सगळे वळून बघायला लागले. भाट समजुतीनं म्हणाला, "आक्का, तुमचं नाव सासरच्या चोपडीत असतं."

"सासरची चोपडी बी तुमच्याकडंच हाय की. तिच्यात लिवलंय का मला?"

भाट म्हणाला, "त्या चोपडीत तुमच्या मालकांचं आन लेकाचं नाव हाय."

"मंजी मी हितं बी न्हाई आन तितं बी न्हाई. मंग ह्या बापाला दोन वर्सं धुतलं-पुसलं कुनी?"

काकासाहेब हसला. "आक्के, चोपडी म्हंजी काय तुझी चूल हाय व्हय, पायजे ते शिजवायला? बस खाली."

त्या हसण्यानं मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. ती बसली तर नाहीच, उलट पाराला लागून उभी राहिली. भाटाला लवकर आवरायचं होतं. तो म्हणाला, "आक्का, आमच्या सात पिढ्यांच्या लिखाणात लेकीवरनं वंश पुढं गेल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. मी तुमचं नाव लिवतो. न्हाई दाखवलं, तर पुढच्या खेपेला रेघ."

त्यानं ते तोंड मिटवायला म्हटलं होतं. मावशीनं ते शब्द जसेच्या तसे उचलले. घरी जाताना मला म्हणाली, "सीमे, शंभर पानांची वही आन."

पुढचे तीन हंगाम त्या वहीत गेले. मावशीची रीत ऐकून मी आधी हसले होते. ती म्हाताऱ्या पुरुषांना काही विचारायचीच नाही. म्हणायची, ते चोपडीतलंच सांगत्यात. ती विचारायची म्हाताऱ्या बायकांना. आणि म्हाताऱ्या बायका भेटतात कुठं, तर ऊसतोड्यांच्या तळावर. बेलापूरच्या बाजूला ज्या कारखान्याची तोड ती करायची, तिथं एकेका तळावर दीड-दोनशे कोप्या, शेवगाव-पाथर्डीपासून बीडपर्यंतच्या गावांची माणसं. पोरं सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला आणलेल्या म्हाताऱ्या प्रत्येक टोळीत. एरवी या बायका एकमेकींना जन्मात भेटल्या नसत्या. मावशी दुपारी तोडीवरून आली की त्यांच्यात जाऊन बसायची आणि एकच प्रश्न विचारायची, "आमच्या भालवाडीची कोन लेक तुमच्यात दिल्ती?" मिळालेलं नाव ती डोक्यात ठेवायची आणि सुट्टीत मी गेले की भडाभडा सांगून लिहून घ्यायची.

दोन हंगामांत छत्तीस लेकी जमल्या. कुणी घोटणला दिलेली, कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी विहिरीत उडी घेतलेली. छत्तीस जणींपैकी एकीचंही नाव चोपडीत नव्हतं. पण भाटाला दाखवायला त्यातली एकही उपयोगाची नव्हती, कारण सगळ्या दुसऱ्यांच्या घरी गेलेल्या. मावशी चिडचिडी झाली. मी एकदा म्हणाले, सोड ना मावशी, नावात काय आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी वही उघडून बसले.

तिसऱ्या हंगामात, १९९५ च्या पौषात, साळूबाई भेटली. ऐंशीच्या पुढची, दृष्टी अधू, जीभ शाबूत. चिंचवाडीच्या भावकीतली लेक, पाथर्डीकडच्या एका गावात दिलेली. मी त्या दिवशी तळावरच होते. मावशीनं नेहमीचा प्रश्न विचारला. साळूबाई म्हणाली, "भालवाडीची? मंग तू बायडाच्या घरातली का?"

"बायडाई?" मावशीनं हात जोडले. "आमची देवी हाय ती. माझ्या आज्याच्या वक्तापसनं देव्हाऱ्यात टाक हाय तिचा."

साळूबाई जी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली. "देवी कशाची गं बाई? माझ्या आजीची सवत ती!"

आमच्याकडं दुसरेपणाची बायको घरात आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात, म्हणजे मेलेल्या सवतीची मूर्ती उठवलेला चांदीचा एवढासा पत्रा. रोज तिची पूजा, सणाला आधी तिला नैवेद्य. साळूबाईची आजी अशीच दुसरी आलेली. तिचा नवरा येसू आधी भालवाडीला घरजावई होता. राणोजीला मुलगा नव्हता, बायडा एकुलती लेक. तिला एक मुलगा झाला, भिमाजी. मोठ्या दुष्काळात बायडा गेली, येसू चिंचवाडीला परतला आणि त्यानं दुसरं लग्न केलं. पोरगं मात्र राणोजीनं ठेवून घेतलं. भिमाजीचं लग्न झालं तेव्हा साळूबाईच्या आजीनं गळ्यातला टाक काढून त्याच्याकडं पाठवला, आई लेकाजवळ राहू दे म्हणून. पुढं तो कुणाचा हे भालवाडीकर विसरले आणि आपल्याच पणजीला देवी समजून नारळ फोडत राहिले.

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "दोन वर्सं मी गेलेल्या लेकी विचारीत बसले गं. ऱ्हायलेली इचारायचं सुचलंच न्हाई मला. लेक माहेरात ऱ्हाती, असं डोक्यातच येईना." आणि ती रडली. बाप गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

आता ती साळूबाईच्या शब्दावर थांबली असती तर काकासाहेबानं म्हातारीला चळ लागलाय म्हणून उडवून लावलं असतं. हे तिला ठाऊक होतं. १९९५ च्या वैशाखात भाट आधी चिंचवाडीला जाणार आणि तिथून तीन दिवसांनी भालवाडीला, हे तिनं आधीच माहीत करून घेतलं. आम्ही दोघी चिंचवाडीला गेलो, साळूबाईच्या भाच्याकडं पाहुण्या म्हणून उतरलो, आणि तिथल्या बायकांत पदर ओढून बसलो. भाटानं वाचलं, आणि मी वहीत लिहिलं: "येसू. हा भालवाडीस राणोजीचे घरी घरजावई. पुत्र भिमाजी आजोळीच राहिला." मावशीनं माझी मांडी अशी दाबली की तिथं दुसऱ्या दिवशी वळ होता.

तिसऱ्या दिवशी भालवाडीचा पार भरला. मावशी साळूबाईला बैलगाडीत घालून घेऊन आली होती. भाटानं फडकं सोडलं. "राणोजी, त्याचा पुत्र भिमाजी..."

"थांबा," मावशी म्हणाली. "परवा चिंचवाडीत हाच भिमाजी येसूचा पुत्र हुता. तीन दिसात बाप बदलला?"

भाटाच्या तोंडचं पाणी पळालं. काकासाहेब उठला. "काय बरळती ही?"

"सीमे, वाच."

मी वाचलं. मग साळूबाईनं तिचं सांगितलं, टाकासकट. मावशी काकासाहेबाकडं वळली. "तुझ्या देव्हाऱ्यात बायडाई हाय ना? लेकीला बापाचे देव चालत न्हाईत म्हनून तू उचलून नेलीस. अरं, तीच लेक हाय. राणोजीची लेक. तिच्या पोटचे आपुन समदे."

काकासाहेबाचं तोंड तांबडंलाल झालं होतं. "भाटबुवा," तो म्हणाला, "चिंचवाडीची चोपडी खोटी हाय म्हना."

भाट मान खाली घालून म्हणाला, "दोन्ही माझ्या पणज्याच्या हातच्या हायेत, काकासाहेब. तिकडं घडलं ते लिवलं. हितं तुमच्या वाडवडलांनी सांगितलं ते लिवलं."

"मंग रेघ मारा," मावशी म्हणाली. "राणोजीला पुत्र न्हाई. त्याच्या नावाखाली मारा. आन मंग खालची समदी पानं फाडा. आमी आपापल्या घरी जातो."

भाटानं घाम पुसला. तोडगा काढल्यासारखं म्हणाला, "आक्का, सहादूच्या नावाखाली तुमच्या लेकाचं नाव लिवतो. दौहित्र म्हनून. म्हंजी कुनाची तक्रार न्हाई."

"माझ्या लेकाची चोपडी येगळी हाय. तो तिच्यात हाय. मी कुटंच न्हाई. माझं लिवा, आन माझ्या भैनींचं. त्याच्या आधी राणोजीखाली बायडाबाई लिवा."

"ही चोपडी भावकीची हाय," काकासाहेब ओरडला. "असलं लिवलं तर भाटबुवा, पुन्यांदा ह्या गावात पाय ठेवायचा न्हाई!"

कानिफनाथानं पेन हातात धरलं होतं आणि तो घाबरला होता, हे दिसत होतं. नवीन काही लिहायच्या आधी भाटाला एक प्रश्न विचारावा लागतो, कारण उद्या वाद झाला तर जाब द्यायला माणूस हवा. तो त्यानं विचारला, पण पारावरच्या पुरुषांकडं बघत, "लिवनारा मी. लिवून घेनारा कोन?"

पुरुषांनी माना वळवल्या. कुणी विडी शोधू लागलं. मावशीनं चपला खाली काढल्या आणि ती पारावर चढली. भालवाडीची कुठलीही बाई त्या पारावर कधी बसली नव्हती. ती भाटाच्या समोर मांडी घालून बसली.

"मी," ती म्हणाली. "सहादूची आक्काबाई. लिवा."

भाटानं लिहिलं. काकासाहेब धोतराचा सोगा झटकून पारावरून उतरला आणि रस्त्याला लागला. त्याच्यामागं दोघेजण उठले. बाकीचे बसून राहिले. रिवाजाप्रमाणं भाटानं लिहिलेलं वाचून दाखवलं, पण इतक्या हळू की खाली बसलेल्या मला ऐकू आलं नाही.

"जोरात वाचा," मावशी म्हणाली. "काकासाहेब अजून लांब गेला न्हाई."