आत्याचा मुका कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या बहिणीची नजर गेली, जिभेची धार मात्र वाढली. म्हणून घरात तिला सगळे तोफ म्हणतात. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा तिचा कॉम्प्युटर तिला पुस्तकं वाचून दाखवतो. परवा कादंबरीत खून झाला आणि खुनी कोण ते कळायच्या आत कॉम्प्युटर मुका झाला. मग काय, तोफ धडाडली!

"आत्या, तूच काहीतरी दाबलं असशील," आमचे चिरंजीव म्हणाले.

"हो, आंधळी ना मी! काही बिघडलं की माझ्याच माथी मारा."

दुरुस्तीवाला आला. "आजी, मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या."

"म्हातारी मीही झालेय. मलाही भंगारात देतोस?"

तो ओशाळून तपासायला बसला. आत आवाजाचे दोन मार्ग निघाले. एक जुना, स्पीकरचा. दुसरा नव्या मोठ्या स्क्रीनबरोबर आलेला. दोघांनी एकाच जागेवर रुमाल टाकला, नव्याने ती बळकावली आणि सगळा आवाज स्क्रीनकडे जाऊ लागला. आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नव्हता!

"ही स्क्रीन आणली कुणी?" त्याने विचारलं.

"मी. परवाच जोडली. आत्याला वाढदिवसाची भेट," चिरंजीव पुटपुटले.

"अरे शहाण्या, आंधळीला स्क्रीन?" तोफ कडाडली.

"सेटिंग बदलतो आजी, दोन्ही चालतील."

"बदलू नकोस, उपट ती!"

वायर काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तसा तो घडाघडा वाचू लागला. तोफेने स्क्रीन चिरंजीवांच्या हातात कोंबली.

"मला काय हवं ते मलाच विचारायचं. इतकं अवघड आहे?"