वसंतरावांचं लायसन

ऑफिसात फायली साठतात तसेच किस्सेही साठतात. रिटायर होताना माझ्याकडून फायलींचा चार्ज मोजून घेतला, किस्से मात्र कुणी मागितले नाहीत. म्हणून ते घरी आले. त्यातले निम्मे एकट्या वसंतरावांचे!

वसंतराव परभणीला आमच्या ऑफिसात बारनिशीला होते. आलेली पत्रं वहीत चढवायची आणि दिवसभर गाड्यांबद्दल बोलायचं, अशी त्यांची नोकरी. मोटारींचं एक मासिक ते कुठून तरी मागवत आणि पाठ करत. स्वतः सायकलवर येत.

एके दिवशी त्यांनी सेकंडहँड अँबॅसिडर घेतली. पोखर्णीच्या नरसिंहाला तुला स्वतःच्या गाडीनं नेईन, असं त्यांनी नलूवहिनींना लग्नातच सांगितलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली होती. वहिनींनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आधी लायसन. मग मी बसते."

गाडी दारात उभी राहिली. आमचं ज्ञान मात्र वाढत गेलं.

"इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना, आणि मधे हा लांब दांडा," वसंतराव समजावत.

म्हणजे आपलं ऑफिसच! हुकूम एकीकडं, ओझं दुसरीकडं. एवढं मला कळलं. बाकीचं अजून कळलेलं नाही.

*

आमचे सुपरिंटेंडंट कदमसाहेब चाळिशीचे आणि अविवाहित. त्यांनी नवी स्कूटर घेतली. वसंतरावांनी तिला एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब, इंजिन उजव्या अंगाला आहे. वजन तिकडं जातं. म्हणून तर बाई डावीकडं पाय सोडून बसते. डिझाइनच तसं आहे!"

"आणि ज्याला बायको नाही त्यानं?"

"पाच किलो ज्वारी. डाव्या बाजूला."

साहेब सरळ मनाचे. दुसऱ्या दिवसापासून डावीकडं ज्वारीची पिशवी लोंबू लागली. चौकात लोक विचारायचे, "साहेब, आज पण दळण?"

महिनाभरात एक गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले. म्हणाले, "एवढा मोठा अधिकारी, पण रोज स्वतः दळण आणतो. आणखी काय पाहायचं?"

लग्न झालं. पिशवी वसंतरावांनी स्वतःच्या हातानं सोडली. "आता बॅलन्स आला!"

*

त्या वर्षांत आंदोलनांमुळं एसटी चालू आहे की बंद, ते स्टँडवर गेल्यावरच कळायचं. एकदा चालू निघाली, म्हणून आम्ही दोघं जिंतूरला निघालो. मागं जागा असताना वसंतराव बरोबर मधोमध उभे.

एक म्हातारी म्हणाली, "बस की भाऊ, मागं जागा हाय."

"नको आजी. मागची सीट चाकाच्या पल्याड येते. तिथं दणके बसतात. दोन चाकांच्या मधे बसत नाहीत."

"खरं म्हणतूस?" म्हातारी उठून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचं बघून तिचा जावई उठला. जावयाचं बघून बाकीचे उठले. मागचा अर्धा भाग रिकामा आणि मधे ही गर्दी!

कंडक्टर चक्रावला. "काय झालंय? मागं साप निघाला का काय?"

गर्दीत 'साप निघाला' एवढंच ऐकू गेलं. गाडी थांबली. लोक खिडक्यांतून बाहेर पडले. सगळ्यात पुढं म्हातारी!

रिकाम्या गाडीत वसंतराव एकटे उभे होते. खाली उतरलेल्यांना ते खिडकीतून चाकांमधलं अंतर समजावत होते.

*

ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर रशीदभाई. सोनपेठच्या दौऱ्यावर वसंतराव त्यांच्याशेजारी बसले आणि रस्ता सांगू लागले. फाटा आला.

"सीधा?" रशीदभाईंनी विचारलं.

"हो, सीधा!"

आता रशीदभाईंच्या बोलीत सीधा म्हणजे उजवा हात. त्यांनी जीप उजवीकडं वळवली, ती थेट मेंढ्यांच्या कळपात.

"अहो, मी सरळ म्हणालो!"

"आप सीधा बोले!"

मेंढ्यांचा मालक काठी टेकून म्हणाला, "आलाव तसं माघारी जावा, मंग सरळ."

रशीदभाईंनी गिअरवरचा हात काढून घेतला. "पहले बोलो, कौनसा सरळ?"

*

म्हणून वसंतरावांना गाडी शिकवताना रशीदभाईंनी दोनच शब्द ठेवले. पुढं न्यायची तर 'जाऊ द्या', मागं घ्यायची तर 'येऊ द्या'. "तिसरा लफ्ज सुननाच नहीं!"

परीक्षेच्या दिवशी आम्ही मैदानावर हजर. मी, रशीदभाई, आणि पूजेचं ताट, नारळ घेऊन नलूवहिनी. लायसन मिळालं की तिथूनच पोखर्णी, असं ठरलेलं.

इन्स्पेक्टर शेजारी बसले. इंजिन चालूच होतं. त्यांनी सहज विचारलं, "क्लच म्हणजे काय, सांगा बरं."

हा प्रश्न विचारायला नको होता. वसंतराव अठरा वर्षं त्याची वाट बघत होते. ते क्लचपासून निघाले, गिअरबॉक्समधून त्या लांब दांड्यावर आले. मागची रांग उन्हात करपली. शेवटी इन्स्पेक्टरांनी कपाळाला हात लावला.

"जाऊ द्या हो, जाऊ द्या!"

वसंतरावांनी जाऊ दिली.

मैदानाला पहिला फेरा झाला. "अहो, काय करायलाव!" दुसरा झाला. "अहो, कुठं निघालाव!" तिसऱ्या फेऱ्याला खिडकीतून आवाज आला, "लायसन देतो! पण थांबवा!"

गाडी बरोबर वहिनींसमोर थांबली. क्लच, ब्रेक, सगळं मासिकात लिहिल्यासारखं! वहिनींनी मागचं दार उघडलं, ताट सांभाळत बसल्या आणि दार लावून घेतलं.

"साहेब, खरंच दिलं ना हो लायसन?"

इन्स्पेक्टर घाम पुसत होते. हात जोडून म्हणाले, "बाई, आता जाऊ द्या!"

गाडी इन्स्पेक्टरांसकट मैदानाबाहेर पडली आणि पोखर्णीच्या रस्त्याला लागली. धुरळा बसेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

रशीदभाई हळूच म्हणाले, "साब, मैं तो 'येऊ द्या' बी सिखाया था!"