आवाज काढा, ताई

ओतूरला खताच्या दुकानावर माझी समुपदेशनाची खोली होती. खोली छान होती, पण तिचा जिना थेट बाजारपेठेत उतरायचा आणि जिना चढणाऱ्याला खालून किमान दहा माणसं बघायची. "ताईंकडं चाललाय व्हय? घरी बरं हाय ना समदं?" एवढा एक प्रश्न पुरायचा. माणूस दुसऱ्या पायरीवरून वळायचा आणि खताची गोणी घेऊन घरी जायचा. दुकानदाराचा धंदा माझ्यामुळे वाढला असावा, असं मला आजही वाटतं.

शेवटी मी ठरवलं, माणसं वर येत नाहीत ना, मग आपणच रानात जाऊ. झाडाखाली, बांधावर, ओढ्याच्या कडेला बसून बोलू. स्कूटीच्या डिकीत चटई टाकली आणि निघाले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मी पीकविम्याची बाई वाटले. एका आजोबांनी मला हाताला धरून कांद्यावरचा करपा दाखवायला नेलं आणि करपा दाखवता दाखवता अर्धा तास सुनेबद्दल बोलले. मी ते माझं पहिलं सत्र म्हणून वहीत लिहिलं.

समुपदेशक शांत स्वभावाचा असतो, असा लोकांचा समज आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो झाकायचं शिक्षण मी घेतलंय, एवढंच.

डिंगोरे गावचे एक काका मला शोधत आले ते याच दिवसांत. साठीचे, बारीक अंगाचे, टोपी हातात घेऊन बोलणारे. त्यांचं म्हणणं असं की तीन महिन्यांपूर्वी दिवेलागणीला बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं, मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोळ्यांदेखत. तेव्हापासून मावशी उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. घरापासून गोठा चाळीस पावलांवर, पण तिकडे बघतसुद्धा नाहीत.

"आन् ती तांबडी गाय तिच्याबिगर कोनाला धार काढू देत न्हाई," काका म्हणाले. "मी पाय बांधून कशीबशी काढतो, त्यात मला आजवर तीनदा लाथा बसल्यात. येता सोडून त्याच्या पुढच्या बाजाराला बेल्ह्याला न्हेऊन इकून टाकतो म्हनलं, तर ही दोन दिस जेवली न्हाई. ताई, गाय ठिवायची तर हिनं गोठ्यात जायला पायजे. बाजाराला दोन हप्ते हायत."

म्हणजे रानात बसून बोलणाऱ्या बाईकडे रानाला घाबरणारी बाई आली. मला हसू आलं आणि लगेच हुरूपही आला.

पहिल्या दिवशी मी अंगणात बाजेवर बसले आणि मावशी दाराच्या आत. चहा झाला, माझं माहेर कुठलं ते झालं. आंबेगावची, म्हणजे मीही बिबट्याच्याच मुलखातली, म्हटल्यावर मावशी जरा सैलावल्या. "मंग तुमास्नी सांगायला नको," म्हणाल्या. मी मान हलवली. खरं तर सांगायला हवं होतं, कारण पुण्यातल्या नऊ वर्षांत मी बरंच विसरले होते.

दुसऱ्या खेपेला त्या माझा हात धरून अंगणाच्या टोकापर्यंत आल्या. तिथे आंब्याखाली चटई टाकली. सकाळचे दहा वाजलेले, ऊन स्वच्छ, पलीकडे ऊस डोक्याच्या वर गेलेला. मी माझ्या ठेवणीतल्या हळू आवाजात विचारलं, "मावशी, त्या संध्याकाळचं काय आठवतं?" आणि गप्प बसले.

आमच्या कामात या गप्प बसण्याला फार मान आहे. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, घाई करायची नाही. समोरच्याला हळूहळू आतलं सापडतं आणि तो बोलू लागतो. मी थांबले. मावशींचा चेहरा पांढरा पडत चालला. मला वाटलं, आता येतंय काहीतरी वर. मी आणखी थांबले. एकदम त्यांनी माझं मनगट पकडलं, दुसऱ्या हातानं चटईवर थाडथाड मारलं आणि उसाकडे तोंड करून "हाऽऽड, हाऽऽड" असं ओरडल्या. मग मला ओढत घरात घेऊन गेल्या आणि कडी लावली.

"ताई, तुमी शिकलेल्या ना?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "उसाच्या कडंला कोन गप बसतं व्हय? त्यो गप मानसावरच येतो."

मला राग आला, तो आधी त्यांचा आणि मग स्वतःचा. आमच्याकडे उसातून जाताना कुणी मुकाट जात नाही, हे मला पाळण्यापासून ठाऊक होतं. माझे वडील रात्रपाळीच्या पाण्याला जाताना अख्ख्या शिवाराला ऐकू येईल असे खाकरायचे. पोरं मोबाइलवर गाणी लावतात, बाया एकमेकींना हाका मारत जातात, कुणी नसेल तर माणूस स्वतःशीच मोठ्यानं भांडतो. बिबट्याला कळावं, माणूस येतोय, बाजूला हो. आणि मी त्या बाईला उसाच्या तोंडाशी बसवून माझी पदवी दाखवत होते.

तिसऱ्या खेपेला मावशींनीच अट घातली. "येते मी बाहीर. पन बसायचं न्हाई, चालायचं. आन् आवाज काढा, ताई. तुमचं ते कुजबुजनं चालायचं न्हाई."

मग आम्ही चाललो. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाजार भरवल्यासारखं बोलत. मी घसा फोडून विचारलं, "मावशी, भीती अंगात कुठं जाणवते?" त्या तितक्याच जोरात ओरडल्या, "पोटात. आन् गुडघ्यात." उसापलीकडून कुणी बाप्या म्हणाला, "गुडघ्याला निरगुडी बांधा." पहिल्याच भेटीत मी नियमाप्रमाणे द्यायचं आश्वासन द्यायला विसरले होते. ते तेव्हा आठवलं, म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले, "तुम्ही जे बोलाल ते आपल्या दोघींतच राहील." पलीकडचा बाप्या खो खो हसला. मावशीही हसल्या. त्या दिवशी गोठ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत आलो.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. काकांनी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. काका दिसले नाहीत, वैरणीला गेले असतील असं मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि आम्ही निघालो. दहा पावलं, वीस पावलं. त्या सारखं बोलत होत्या. भाजीचं, सुनेचं, शेजारणीच्या बोअरचं. तिसाव्या पावलाला बोलणं आटलं. पाय थांबले. गोठ्यातून तांबडीनं मान वर केली होती.

विचारायला मला सुचलंच नाही काही. पण गप्प बसायचं नाही हे आता पक्कं शिकले होते, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "मावशी, मला भीती वाटतेय."

"मला बी," त्या ओरडल्या. आणि त्याच आवाजात, गाईकडे बघत, पुढचं आलं. "म्या वरडले न्हाई. समद्या गावाला वाटतं म्या वरडले. तोंड उघाडलं व्हतं, पन आवाजच न्हाई निघाला. वासरू माझ्याकडं बघत व्हतं. एक हाळी दिली आसती तर सोडलं आसतं त्यानं. म्या गप हुबी राह्यले."

गोठ्यामागे घास कापायचा आवाज येत होता, तो थांबला. काका विळा हातात घेऊन पुढे आले. ते तिथेच आहेत हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"ठाव हाय मला," काका म्हणाले.

मावशी गर्रकन वळल्या.

"घरात मीच व्हतो की. तुझा आवाज कुठं आला? ही हंबरली म्हनून पळालो मी," काकांनी गाईकडे बोट केलं.

"मंग गावाला का सांगत बसला? बायको वरडली म्हनून धावलो, बायको वरडली म्हनून धावलो. जो येईल त्याला."

"लोक इचारत्यात ना, ती काय करत व्हती म्हनून. तुला कुनी बोलू नये." काका विळ्याचं पातं धोतराला पुसत राहिले. "आन् त्यो काय वरडून सोडतो व्हय? माझ्या बापानं वरडून वरडून घसा बसवला, तरी शेळी न्हेलीच."

तीन महिने ही बाई नवऱ्यापासून लपवत होती आणि तीन महिने हा नवरा तिच्यासाठी गावभर खोटं बोलत होता. दोघं रोज एका ताटलीतली भाकर मोडून खात होते. माझे डोळे भरले. पदवीत हे बसत नाही, पण भरले.

मावशींनी नाक पुसलं, त्या उरलेली दहा पावलं चालल्या आणि गाईच्या पाठीवर हात ठेवला. तांबडीनं त्यांचा खांदा हुंगला. काकांनी पळत जाऊन बादली आणली. मावशी उकिडव्या बसल्या, कास धुतली.

मला इतका आनंद झाला होता की मी थांबेनाच. "वा मावशी, कमाल केलीत, चाळीस पावलं झाली की हो," असं घसा फोडून बोलत सुटले. काकाही टेम्पोवाल्याला फोनवर मोठमोठ्यानं सांगू लागले, उद्या येऊ नको म्हणून.

मावशींनी मागे न बघता हात वर केला.

"दोघं बी गप बसा जरा," त्या म्हणाल्या. "गाय पान्हा चोरती."

आम्ही गप्प बसलो. ऊस सळसळत होता, मावशींनी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली.